रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा हिशेब : वॉरफरिन आणि ॲसिट्रोम घेणाऱ्यांच्या घरासाठी

महिन्याच्या ३१ तारखेला, तारीख विषम म्हणून, तीन मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी १ तारीख, तीही विषमच, म्हणून पुन्हा तीनचीच द्यायची, ही चूक माझ्या हातून कित्येक महिने होत होती. आईच्या हृदयातील मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील) धातूची आहे. डॉक्टरांनी ‘एक दिवस दोन, एक दिवस तीन’ असे सांगितले होते आणि मी त्याचे सोयीस्कर भाषांतर ‘सम तारखेला दोन, विषमला तीन’ असे करून टाकले होते. फरक एका मिलिग्रॅमचा होता आणि त्यातून काही बिघडले नाही; मात्र ती चूक शोधताना लक्षात आले की आमच्या घरात गोळ्या होत्या, रिपोर्ट होते, पण हिशेब म्हणावे असे काही नव्हतेच. नाशिकरोड परिसरात ही गोळी घेणाऱ्या इतर घरांशी बोलताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा ऐकू येतात. म्हणून तयारी आणि क्रम यांवर भर देऊन हा लेख लिहिला आहे. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. ती ठरल्यानंतर घरी काय करावे, एवढाच येथे विषय आहे.

१. गोळी नेमकी कोणती, हे आधी ओळखावे

बोलताना आपण तीन निरनिराळ्या औषधगटांना ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो आणि अर्धा गोंधळ तेथेच सुरू होतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत. त्यांच्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा रक्ततपासणीतील आकडा) तपासावा लागत नाही. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा परिणामही आयएनआरने मोजला जात नाही. वॉरफरिन (दुकानात वार्फ, युनिवार्फिन इत्यादी नावांनी मिळणारी) आणि ॲसिनोकूमरॉल (म्हणजे आपली ॲसिट्रोम) या दोन गोळ्या यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होणारे, रक्त गोठवणारे घटक कमी करतात. हा लेख केवळ या दोन गोळ्यांविषयी आहे.

‘ती तपासणी नको असलेली नवी गोळी आपण का घेत नाही?’ असा प्रश्न प्रत्येक घरात केव्हातरी निघतोच. धातूची झडप असणाऱ्यांना त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप बऱ्यापैकी आकुंचन पावली असेल आणि हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर तेथेही जुनी गोळीच अधिक सुरक्षित ठरली आहे. त्यामुळे शेजाऱ्यांची गोळी बदलली म्हणून आपली बदलून मागू नये. तुम्हाला ती का चालेल किंवा का चालणार नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे.

*सावधान :* वॉरफरिन आणि ॲसिट्रोम यांचे काम एकच असले, तरी मात्रा एक नाही. तेवढ्याच परिणामासाठी ॲसिट्रोम साधारणपणे निम्म्याच्या आसपास लागते. दुकानदाराने ‘ही नाही, पण हीच आहे’ असे सांगून दुसरी पट्टी पुढे केली, तर ती घेऊ नये. एकदा आम्हालाही अशी पट्टी मिळाली होती. घरी आल्यावर नाव वाचले म्हणून निभावले.

२. पहिल्या दिवशीच लिहून ठेवायच्या गोष्टी

शंभर पानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर पुढील माहिती डॉक्टरांना विचारूनच लिहावी : गोळी कशासाठी सुरू आहे (झडप, अनियमित ठोके, पायातील नसेत किंवा फुप्फुसात झालेली गुठळी), ती किती काळ घ्यायची आहे, आयएनआर कोणत्या दोन आकड्यांमध्ये ठेवायचा आहे, आणि आकडा त्याबाहेर गेल्यास कोणाला, कोणत्या वेळेत कळवायचे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेकांनी विचारलेला नसतो. अनियमित ठोके किंवा नसेतील गुठळी असेल, तर लक्ष्य बहुधा २ ते ३ असते. मायट्रल जागी धातूची झडप असेल, तर ते बहुधा २.५ ते ३.५ असते. म्हणजे २.१ हा आकडा एका रुग्णासाठी उत्तम आणि दुसऱ्यासाठी अपुरा असतो. आपले लक्ष्य ठाऊक नसताना रिपोर्ट वाचण्याला काही अर्थ उरत नाही.

याशिवाय रुग्णाच्या पाकिटात एक चिठ्ठी कायम असावी. तिच्यावर औषधाचे नाव, कारण, लक्ष्य, रक्तगट आणि घरातील एकाचा फोन नंबर लिहावा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या माणसाला उचलणाऱ्यांना ही माहिती दुसरीकडे कोठेही मिळणार नसते.

३. मात्रा लिहिणे, काढणे आणि देणे

चुका सर्वाधिक येथेच होतात, म्हणून या टप्प्यावर थोडे सावकाश जाऊ.

मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहावी, ‘एक गोळी’ किंवा ‘अर्धी गोळी’ असे कधीही लिहू नये. ॲसिट्रोम एक, दोन, तीन, चार अशा वेगवेगळ्या मिलिग्रॅममध्ये येते आणि वार्फ पाच मिलिग्रॅमचीही असते. त्यामुळे ‘अर्धी’ या शब्दाचा अर्थ पट्टी बदलली की बदलतो. रंगावर विसंबू नये, कारण कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो. शक्य असेल, तर एकाच वेळी दोन निरनिराळ्या मिलिग्रॅमच्या पट्ट्या घरात ठेवू नयेत. ठेवाव्याच लागल्या, तर दोन वेगळ्या डब्यांत ठेवून डब्यांवर आकडा मोठ्या अक्षरात लिहावा.

एकाआड एक दिवस निरनिराळी मात्रा असेल, तर तारखेच्या सम-विषमावर ती कधीही बांधू नये. ज्या महिन्याला ३१ दिवस आहेत, त्याच्या शेवटी दोन विषम तारखा लागोपाठ येतातच. त्याऐवजी डॉक्टरांना वारांनुसार मात्रा ठरवून मागावी. उदाहरणार्थ सोमवार, बुधवार, शुक्रवारी तीन आणि उरलेल्या दिवशी दोन, म्हणजे आठवड्याची बेरीज १७ मिलिग्रॅम. ही बेरीज वहीत लिहून ठेवावी, कारण डॉक्टर मात्रा बदलताना बहुधा आठवड्याच्या बेरजेचाच विचार करतात.

आमच्याकडे आता हा हिशेब स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर असतो. दुधाचे लिटर जेथे लिहितो, त्याच चौकोनात वरच्या उजव्या कोपऱ्यात महिनाभराची मात्रा आधीच पेन्सिलने लिहिलेली असते, आणि गोळी दिली की आई स्वतः त्या आकड्याभोवती पेनाने गोल करते. गोळी गिळल्यानंतरच गोल करायचा, आधी नाही. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण ‘घेतली की नाही’ हा रात्रीचा वाद त्यानेच संपला.

वेळ संध्याकाळची ठेवावी. दिवेलागणीच्या सुमारास, रोज त्याच वेळी. याचे कारण असे की रक्त सकाळी दिले जाते, रिपोर्ट दुपारपर्यंत येतो आणि मात्रा बदलायची असल्यास ती त्याच दिवसापासून बदलता येते. सकाळी आठलाच गोळी घेऊन मोकळे झालेल्या माणसाचा तो दिवस वाया जातो.

गोळी अर्धी करायची असल्यास मेडिकलमध्ये मिळणारा गोळी कापायचा डबा वापरावा. सुरीने केलेले दोन तुकडे क्वचितच सारखे असतात.

विसरलेल्या गोळीचा नियम साधा आहे. त्याच दिवशी झोपण्यापूर्वी आठवण झाली, तर लगेच घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली, तर सोडून द्यावी, नेहमीची मात्रा नेहमीच्या वेळी घ्यावी आणि चौकोनात फुली मारावी. भरपाई म्हणून दुप्पट गोळी घेणे ही या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत धोकादायक ‘हुशारी’ आहे. चुकून दोनदा घेतली गेली किंवा लागोपाठ दोन दिवस राहून गेली, तर डॉक्टरांना कळवावे. धातूची झडप असल्यास त्याच दिवशी कळवावे.

*तपासून पाहा :* दर रविवारी पट्टीतील उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. दिलेल्या आणि उरलेल्या यांचा मेळ बसत नसेल, तर चूक याच आठवड्यात झाली आहे आणि ती अजून आठवू शकते. निदान १० दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असाव्यात. दिवाळीत दुकाने बंद असतात.

४. रक्त देण्याचा दिवस

या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. तरीही मधुमेह असलेली वयस्कर माणसे सकाळी चहासुद्धा न घेता रांगेत बसलेली दिसतात. साखर किंवा चरबीची तपासणी सोबत नसेल, तर नाश्ता करून जावे.

प्रयोगशाळा शक्यतो बदलू नये. तपासणीत रक्त गोठायला लागलेले सेकंद मोजले जातात आणि वापरलेल्या रसायनाची संवेदनशीलता लक्षात घेऊन त्यांचे आयएनआरमध्ये रूपांतर केले जाते. या रूपांतरामुळे निरनिराळ्या ठिकाणचे आकडे तुलनेस योग्य होतात, परंतु थोडा फरक उरतोच. तो फरक प्रकृतीचा की प्रयोगशाळेचा, हे कळायला मार्ग नसतो.

रक्त घेताना दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. निळ्या बुचाची नळी वापरली जात आहे ना, आणि ती खुणेच्या रेषेपर्यंत भरली आहे ना. या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असते, आणि त्याचे रक्ताशी प्रमाण एकास नऊ असावे लागते. शीर सापडली नाही म्हणून नळी अर्धवट भरली, तर सायट्रेट जास्त पडते आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी ‘पुन्हा घ्या’ असे म्हणण्यात संकोच करू नये. सुई काढल्यावर पाच मिनिटे बोटाने दाबून धरावे. नुसता कापूस ठेवून हात दुमडला, तर दुसऱ्या दिवशी कोपरापाशी जांभळी टिकली उमटते.

दिंडोरी, सुरगाणा, पेठ किंवा सिन्नरकडील वाचकांसाठी एक जादा प्रश्न : नमुना तेथेच तपासला जाणार आहे, की नाशिक शहरात पाठवला जाणार आहे? पाठवला जाणार असेल, तर गाडी किती वाजता निघते हे विचारून त्याच्या थोडे आधी रक्त द्यावे. नमुना २४ तासांच्या आत तपासला जायला हवा.

किती दिवसांनी तपासावे, हे आकड्याच्या स्थिरतेवर ठरते. सुरुवातीला दर काही दिवसांनी, मात्रा बदलल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत, आणि आकडा स्थिरावल्यावर साधारण महिन्यातून एकदा. पुढची तारीख रिपोर्ट हातात असतानाच कॅलेंडरवर लिहावी.

५. आकडा हाती आल्यावर

रिपोर्टवर पीटी (रक्त गोठायला लागलेले सेकंद) आणि आयएनआर असे दोन आकडे असतात. तुमच्या कामाचा आयएनआर. त्याच्या शेजारी ‘नॉर्मल’ म्हणून ०.८ ते १.२ अशासारखी मर्यादा छापलेली असते आणि तुमचा २.८ हा आकडा ठळक अक्षरात, ‘जास्त’ अशा खुणेसह येतो. ती मर्यादा ही गोळी न घेणाऱ्यांसाठी आहे. ठळक अक्षरे पाहून घाबरलेल्या मुलाने पुण्याहून फोन करून वडिलांची गोळी बंद करायला लावली, असे घडल्याचे मी ऐकले आहे. वडिलांचा आकडा अगदी हवा तेथे होता. तुमचा आकडा त्या छापील मर्यादेपेक्षा जास्त असणे, हाच उपचार आहे.

आकडा, तारीख, आठवड्याची बेरीज आणि गेल्या दोन आठवड्यांत काही वेगळे घडले असल्यास ते (ताप, जुलाब, नवे औषध, उपवास, चुकलेली गोळी) अशा चार रकान्यांत लिहून मग डॉक्टरांना दाखवावे. चौथा रकाना रिकामा असेल, तर डॉक्टरांना आकड्याचे कारण कळत नाही आणि नाइलाजाने मात्राच बदलावी लागते.

मात्रा बदलल्यानंतर धीर धरावा. वॉरफरिनचा प्रभाव शरीरातून हळूहळू ओसरतो आणि रक्तात आधीच असलेले गोठवणारे घटकही संपायला वेळ लागतो. त्यामुळे बदलाचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि पूर्ण स्थिरावायला आठवडाभर किंवा अधिक जातो. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तपासून ‘काहीच फरक नाही’ म्हणत स्वतःच आणखी बदल करणारे लोक आकड्याला झोपाळ्यावर बसवतात.

*सावधान :* आकडा लक्ष्यापेक्षा थोडा वर असला आणि कोठूनही रक्तस्राव नसला, तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, परंतु स्वतःहून आठवडाभर गोळी बंद करू नये. आकडा ४.५ च्या पुढे असेल, तर संध्याकाळची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. धातूची झडप असताना आकडा लक्ष्याच्या खूप खाली गेला, तर तीही तेवढ्याच तातडीची बाब आहे. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, गुठळी दिसत नाही.

६. स्वयंपाकघर : भाजी बंद नको, सारखी हवी

‘हिरवी भाजी वर्ज्य’ हा सल्ला अनेकांना मिळतो आणि तो चुकीच्या पद्धतीने पाळला जातो. पालक, मेथी, शेपू, अळू, चवळई, कोबी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते, हे खरे. पण तुमची मात्रा तुमच्या नेहमीच्या जेवणाला धरूनच ठरवलेली असते. भाजी एकदम वाढली की आकडा उतरतो, एकदम बंद झाली की चढतो. म्हणून आठवड्यातून दोनदा पालेभाजी होत असेल, तर बारा महिने साधारण दोनदाच होऊ द्यावी.

नाशिकमध्ये हे पाळणे डिसेंबर-जानेवारीत अवघड जाते. थंडीत बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात, हरभऱ्याचा पाला येतो, कांद्याची पात येते, आणि स्वस्ताई पाहून घरात रोज काहीतरी हिरवे शिजू लागते. आईचा आकडा दोन हिवाळे लागोपाठ उतरला, तेव्हा कोठे चौथ्या रकान्यात ‘मेथी रोज’ असे लिहिण्याचे आम्हाला सुचले. उलट बाजू श्रावण आणि नवरात्रात दिसते : साबुदाणा, भगर आणि बटाट्यावर दिवस निघतात, पालेभाजी ताटातून जाते आणि आकडा वर सरकू शकतो. सलग नऊ दिवसांचे उपवास करायचेच असतील, तर आधी डॉक्टरांना सांगून मध्ये एक तपासणी ठरवून घ्यावी. ऋषिपंचमीची एक दिवसाची भाजी किंवा पितृपक्षातील अळूची वाटी यांची मात्र धास्ती घेऊ नये.

आता द्राक्षांविषयी. मोबाइलवर फिरणाऱ्या एका यादीतील ‘ग्रेपफ्रूट’चे कोणीतरी ‘द्राक्ष’ असे भाषांतर केले आणि ज्या जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, तेथील माणसांनी द्राक्षे सोडली. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचे, वेगळेच फळ आहे. रोजच्या प्रमाणात द्राक्षे खायला या गोळीची हरकत नसते. मधुमेह असल्यास साखरेचा विचार वेगळा. द्राक्षाची वाइन मात्र या सवलतीत बसत नाही. एका बैठकीत भरपूर मद्य घेतल्याने आकडा बिघडतो आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, तो निराळाच.

७. दुसरे औषध घेण्यापूर्वी

अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही या गोळीसोबत सर्वाधिक त्रास देणारी औषधे आहेत. त्यांच्यामुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि आयएनआरचा आकडा त्याची पूर्वसूचना देईलच असे नाही. ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्यापेक्षा सुरक्षित आहे. परंतु तीही रोज, अनेक दिवस, जास्त मात्रेत घेतली, तर आकडा वाढू शकतो.

जुलाबांसाठी सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या संसर्गासाठीची कोट्रायमॉक्साझोल, बुरशीसाठीची फ्लुकोनॅझोल आणि ठोक्यांसाठीची ॲमिओडॅरोन आकडा वाढवतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिटवरील कार्बामॅझेपिन आकडा खूप खाली आणतात, आणि ती बंद केल्यावर जुनीच मात्रा चालू राहिली, तर आकडा धोकादायक वर जातो. म्हणून औषध सुरू होताना कळवणे पुरेसे नाही. ते बंद होतानाही कळवावे. प्रतिजैविक सुरू झाल्यास तीन ते पाच दिवसांत तपासणी करून घ्यावी. लसणाच्या वा हळदीच्या कॅप्सूल, ओळखीच्या वैद्यांचे काढे आणि मल्टिव्हिटॅमिन (काहींत ‘के’ असते) ही सारी वहीच्या दृष्टीने औषधेच आहेत. फोडणीतील हळद-लसूण त्यात येत नाहीत.

८. दात, शस्त्रक्रिया, सुई आणि गर्भधारणा

दात काढायचा म्हणून स्वतःहून गोळी बंद करणे ही जुनी खोड आहे. एखादा साधा दात काढताना, आयएनआर लक्ष्यात असेल, तर बहुधा गोळी बंद करावी लागत नाही. दंतवैद्य जागेवरच रक्त थांबवण्याची व्यवस्था करतात. एक-दोन दिवस आधीचा आयएनआर सोबत न्यावा. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात आणि काही रुग्णांना मधल्या काळात हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शने देतात. हा निर्णय शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. ते बोलले आहेत, याची खात्री तुम्ही करावी.

दवाखान्यात ‘कमरेत एक सुई देतो’ असे म्हटले गेले, की ही गोळी चालू असल्याचे सुईपूर्वी सांगावे. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनमुळे आत रक्त साठून मोठी, दुखरी गाठ होऊ शकते.

तरुण स्त्रियांनी हे आवर्जून वाचावे : या गोळ्यांमुळे गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, इजा होऊ शकते. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे; पाळी चुकल्यास दोन-चार दिवसांतच चाचणी करून लगेच भेटावे. मात्र घाबरून गोळी एकदम बंद करू नये, कारण गरोदरपणात झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

९. कशासाठी वाट पाहू नये

भाजी चिरताना बोट कापले, तर स्वच्छ कापडाने १० ते १५ मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाबून धरावे. घोळणा फुटल्यास डोके मागे टाकू नये. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग तेवढाच वेळ चिमटीत धरावा. त्यानंतरही रक्त थांबले नाही, तर रुग्णालयात जावे.

काळी, डांबरासारखी शौचाला होणे, लघवीतून रक्त जाणे, रक्ताची उलटी होणे, अचानक असह्य डोकेदुखी होणे, किंवा न लागताच मोठे काळेनिळे डाग उठणे, यांपैकी काहीही घडल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते. पण ‘लोहाच्या गोळीनेच झाले असेल’ हा निष्कर्ष घरी काढू नये.

डोक्याला मार लागला असेल, मग तो मोरीत पाय घसरून लागलेला साधा टोला का असेना, तर माणूस चालत-बोलत असला तरी तपासणीसाठी न्यावेच. मेंदूभोवतीचे रक्त काही तासांनी किंवा दिवसांनीही साठत जाऊ शकते.

धातूच्या झडपेचा बारीक टिकटिक आवाज रात्री शांत खोलीत ऐकू येतो. घरच्यांना त्याची सवय झालेली असते. तो दबका झाला किंवा येईनासा झाला आणि सोबत दम लागू लागला, तर झडपेवर गुठळी झाल्याची शक्यता असते. ती रात्र घरी काढू नये.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच १०८ ला फोन करावा आणि माणूस शेवटी नीट होता ती वेळ लिहून घ्यावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देता येईल की नाही हे त्या वेळच्या आयएनआरवरही अवलंबून असते. म्हणून रुग्णवाहिकेत सोबत चढणाऱ्याच्या हातात वही असावी, आणि आपत्कालीन कक्षात शिरताच पहिले वाक्य गोळीचे नाव, शेवटची गोळी घेतल्याची वेळ आणि शेवटचा आकडा हेच असावे.